टुणुक टुणुकची जात कुठली?

शब्दांच्या जाती आठ, हे शाळेत गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, नाम सर्वनाम विशेषण क्रियापद, मग जरा दम घेऊन क्रियाविशेषण शब्दयोगी उभयान्वयी केवलप्रयोगी. पण त्याच माणसाला गोष्टीच्या पुस्तकातलं साधं वाक्य दाखवून यातलं क्रियाविशेषण कुठलं असं विचारा, लगेच त्याला महत्त्वाचा फोन आठवतो. यात दोष त्या उदाहरणांचा. राम आंबा खातो. कित्येक पिढ्या राम तोच आंबा खातोय, तो ना कधी आंबट निघत ना कोणी हिसकावून घेत, मग त्या वाक्यातल्या शब्दांबद्दल पोरांना काही वाटणार तरी कसं?

आमच्या सोसायटीतली तिसरी-चौथीची पोरं मराठीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा मी गाईड बाजूला ठेवते आणि म्हातारी-भोपळ्याची गोष्ट काढते. आधी नुसती गोष्ट, अख्खी, मध्ये कुठेही न थांबता, हा माझा हट्टच आहे. वाघ समोर येऊन उभा असताना "यातलं विशेषण ओळखा" म्हणणाऱ्या बाईला वाघाने आधी खावं. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट परत, आणि आता शब्द काढायचे नाहीतर बदलायचे.

"लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा." यातलं 'मला' काढून 'म्हातारीला' घातलं, तर एक पोरगी म्हणाली, "वाघ विचारेल ना, कुठल्या म्हातारीला?" झालं, सर्वनाम कशाला लागतं ते कळलं, व्याख्या नंतर बघू. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की अख्ख्या वाक्यात 'मी' कुठेच नाही तरी बोलतंय कोण ते कळतंय, कारण 'जाईन'मध्येच ती बसलीय, 'म्हातारी जाईन' म्हणून बघा, सगळे हसतात. क्रियापद एवढं काम करतं हे राम आणि आंब्याकडून कळलं नसतं.

भांडण होतं ते 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' मधल्या 'टुणुक टुणुक'वरून. एकाचं म्हणणं ते विशेषण, कारण भोपळ्याच्या शेजारी आहे. दुसरा म्हणाला, "भोपळा टुणुक आहे का? भोपळा हिरवा असतो, मोठा असतो, टुणुक कसा असेल? तो टुणुक टुणुक चालतो." कसा चालतो, तर असा चालतो, म्हणजे क्रियाविशेषण. मला तोंड उघडावंच लागलं नाही, मी तेवढ्यात गॅसवरचा चहा बघून आले.

'लठ्ठ'ने मात्र घोळ घातला. पुस्तकात विशेषण विकारी, म्हणजे रूप बदलणारं, असं दिलेलं. मोठा भोपळा, मोठी म्हातारी, मोठं जंगल, ठीक. पण लठ्ठ वाघ, लठ्ठ म्हातारी, लठ्ठ माकड, हे तर हलायलाच तयार नाही! मग सांगितलं की आकारान्त विशेषणं बदलतात, बाकीची बरीचशी आहेत तशीच राहतात. विकारी हा शिक्का अख्ख्या जातीला मारला की असं होणारच.

तसाही हा आठांचा साचा आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने आला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 सालचं, आणि त्याच्या कितीतरी आधी, प्राचीन काळी, संस्कृत शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात चारांतच भागवलं होतं, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग, आणि निपात म्हणजे अव्ययं. त्यामुळे एखादा शब्द कप्प्यात नीट बसला नाही तर मी फार मनावर घेत नाही, पोरांनी मात्र घ्यावं असं वाटतं, कारण त्या भांडणातच ती शिकतात. तरी 'भोपळ्यात बसली' म्हटलं तर तो 'त' विभक्तीचा प्रत्यय आणि 'भोपळ्यामध्ये बसली' म्हटलं तर 'मध्ये' शब्दयोगी अव्यय, हे तिसरीच्या पोराला समजावताना माझीसुद्धा चिडचिड होते, म्हातारी बसलीय तिथेच की! तिथे मी सरळ सांगते, बाबा रे, परीक्षेत असं विचारतात, असं लिही.

आणि मग वाघ विचारतो म्हातारी कुठेय, तर भोपळ्यातून उत्तर येतं, "म्हातारी कोतारी मला नाही माहीत." म्हातारी नाम, ते सगळ्यांना आलं. "मग कोतारी?" एकजण म्हणतो तेही नामच, म्हातारीची बहीण असेल. दुसरी म्हणते असं नावच नसतं कोणाचं, ती नुसती म्हातारीच्या मागे येते, एकटी कधी दिसलीय का तुला? यावर मग घरी ऐकलेल्या चहा-बिहा, पुस्तक-बिस्तक, अभ्यास-बिभ्यास अशा शब्दांची यादी सुरू झाली ती बाहेर जिन्यापर्यंत गेली, आणि गृहपाठाचं त्या दिवशी राहिलंच.