यष्टींमागे कोण: वाडीचा की मांजलपूरचा?

आमच्या क्लबचा यष्टिरक्षक ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी कॅनडाला गेला. बडोद्यात आता अशा बातमीचे कोणाला नवल वाटत नाही, घरटी एक मूल तिकडे आहे. पण जो मुलगा सहा हंगाम यष्टींमागे उभा होता तो गेल्यावर ती जागा किती रिकामी दिसते, हे सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी आम्हां सर्वांच्या लक्षात आले. त्याच्या जागी उभी करता येतील अशी दोन मुले आमच्याकडे आहेत, आणि दोघांपैकी एकानेही वरिष्ठ संघासाठी अद्याप एकही सामना यष्टिरक्षण केलेले नाही. गेल्या रविवारी आम्ही तिघे निवडकर्ते दांडिया बाजारात एका सहकाऱ्याच्या घरी अडीच तास बसलो आणि निर्णय न होताच उठलो. येत्या रविवारी पुन्हा बसायचे आहे, म्हणून माझे म्हणणे आधीच नीट लिहून काढतो आहे.

मुलांची नावे येथे देणे बरे नव्हे. एक बडोद्याच्या वाडी भागात राहतो, दुसरा मांजलपूर भागात, आणि आमच्या बैठकीतही त्यांचा उल्लेख तसाच होत असतो. मांजलपूरचा मुलगा वीस वर्षांचा, डावखुरा, उंचापुरा. पाचव्या क्रमांकावर येऊन तासाभरात सामन्याचा रंग बदलून टाकील अशी त्याची फलंदाजी आहे, आणि दुसऱ्या संघात कोणी नव्हते म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने ग्लोव्ह्ज घातले. वाडीचा सतरा वर्षांचा, अंगाने बारीक, फलंदाजीला नवव्या क्रमांकावर येणारा. यष्टिरक्षण मात्र तो दहा वर्षांचा असल्यापासून करतो आहे आणि दुसरे काही करण्याची इच्छा त्याने कधी बोलून दाखवलेली नाही.

माझ्या एका सहकाऱ्याचे मत अगदी स्पष्ट आहे. तो मला म्हणाला, "काका, ज्याच्या बॅटमधून रन येत नाहीत असा कीपर आजकाल कोण खेळवतो?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. २००३ च्या विश्वचषकात भारताने राहुल द्रविडच्या हाती ग्लोव्ह्ज दिले ते एक फलंदाज जास्त खेळवता यावा म्हणूनच, आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. परंतु ते उदाहरण देताना त्या संघाची गोलंदाजी कशी होती हेही सांगितले पाहिजे. श्रीनाथ, झहीर आणि नेहरा यांच्या षटकांत यष्टिरक्षक मागे उभा राहतो, चेंडू पाहायला त्याला वेळ मिळतो, आणि चांगले हात असलेला स्लिपमधला क्षेत्ररक्षक ते काम निभावून नेऊ शकतो. आमचे गणित याच्या नेमके उलट आहे. आमच्या निम्म्याहून अधिक षटकांत एक ऑफस्पिनर आणि एक डावखुरा फिरकी गोलंदाज टाकत असतात, म्हणजे आमचा यष्टिरक्षक अर्ध्याहून जास्त दिवस यष्टींना खेटून उभा असणार. त्या जागी निभावून नेणे हा प्रकार नसतो.

तरुणपणी मी स्वतः यष्टिरक्षण केले असल्यामुळे या एका मुद्द्यावर जरा थांबतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाला ऑफस्पिनरचा चेंडू ऑफ यष्टीवर टप्पा पडून आत वळला आणि पॅडला चुकवून लेग साइडला गेला, तर टप्प्यापासून ग्लोव्ह्जपर्यंतच्या शेवटच्या हातभर अंतरात तो चेंडू यष्टिरक्षकाला दिसतच नाही. मध्ये फलंदाजाचे शरीर असते, बॅट फिरत असते. त्या क्षणी तो कशाच्या भरवशावर हात नेतो? चेंडू हवेत असताना घेतलेल्या अंदाजाच्या, आणि चेंडू उसळेपर्यंत बसून राहण्याच्या सवयीच्या. जो आधीच उठतो त्याचे हात वर जातात आणि चेंडू खालून निघून जातो. ही सवय महिन्या-दोन महिन्यांत अंगात मुरत नाही.

म्हणून गेल्या पंधरवड्यात मी तीन संध्याकाळी नेटमध्ये यष्टींच्या बाजूला, जमिनीशी डोळे येतील असा बसलो, आणि दोघांचे फक्त गुडघे आणि हात पाहिले. मांजलपूरचा मुलगा चेंडू टप्पा पडायच्या आधीच उठतो. वळलेल्या चेंडूकडे त्याचे हात झडप घालतात, आणि चेंडू ग्लोव्हवर आदळल्याचा फट्ट असा आवाज येतो. वाडीचा मुलगा बसलेलाच असतो, चेंडू उसळतो तसा तोही त्याच्याबरोबर वर येतो, आणि हात पोटाकडे मागे घेत चेंडू घेतो, त्यामुळे आवाज जवळजवळ होतच नाही. तिसऱ्या संध्याकाळी लेग साइडला गेलेला एक चेंडू त्याने घेतला आणि त्याच हालचालीत ग्लोव्ह्ज बेल्सपाशी आणून थांबवले. फलंदाजाचा पाय क्रीझमध्ये होता, म्हणून त्याने बेल्स उडवल्या नाहीत. तो पाय त्याने पाहिला होता, ही गोष्ट मला त्या चेंडूहून मोठी वाटली.

बडोद्यात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. किरण मोरे आणि नयन मोंगिया हे दोघेही याच शहराचे, आणि १९९० च्या इंग्लंड दौऱ्यावर भारताचे यष्टिरक्षक म्हणून हेच दोघे गेले होते. १९८८ च्या जानेवारीत मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध नरेंद्र हिरवाणीने पहिल्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी घेतले, ते सर्वांच्या ध्यानात आहे. त्याच सामन्यात मोरे यांनी सहा फलंदाजांना यष्टिचीत केले, त्यांपैकी पाच एकट्या दुसऱ्या डावात, याचा उल्लेख मात्र कमी होतो. एकोणीस वर्षांचा, पहिलाच कसोटी सामना खेळणारा लेगस्पिनर फलंदाजाला पुढे बोलवण्याची हिंमत करतो, ती मागे उभ्या असलेल्या माणसाच्या जोरावर करतो. आमचा ऑफस्पिनर एकवीस वर्षांचा आहे. मांजलपूरचा मुलगा मागे असला की तो चेंडूला उंची देणे सोडून सपाट टाकू लागतो, हे मी नेटमध्ये डोळ्यांनी पाहिले. त्याला विचारले तर तो कबूल करणार नाही, कारण दोघे मित्र आहेत.

आता धावांविषयी. वाडीच्या मुलाच्या बॅटमधून आज धावा येत नाहीत, हे मला मान्य आहे. नवव्या क्रमांकाला तो वीस-पंचवीस चेंडू खेळून काढील, याहून अधिक अपेक्षा यंदा ठेवता येणार नाही. पण फलंदाजी मागाहून वाढते. मोंगियाने कसोटीत पदार्पण केले १९९४ मध्ये, आणि १९९६ मध्ये दिल्लीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सलामीला जाऊन १५२ धावा केल्या. ती पातळी आमच्या मैदानावर कोणी गाठावी असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की ज्याची नजर आणि पायांची हालचाल यष्टींमागे इतकी तयार आहे, त्याला बॅट घेऊन शिकवण्यासारखे पुष्कळ असते. उलट बाजूने, विशीतल्या फलंदाजाला बसून राहायला शिकवणे फार अवघड जाते, कारण त्याचे सगळे अंग पुढे धावायला शिकलेले असते.

तिसऱ्या सहकाऱ्याने सुचवले की एक सामना याला द्यावा, एक त्याला, आणि चार सामन्यांनंतर ठरवावे. ऐकायला हे न्याय्य वाटते, आणि मला सर्वांत जास्त धास्ती याच तोडग्याची आहे. यष्टिरक्षक एकटा खेळत नाही. पहिल्या स्लिपला आपण किती रुंद उभे राहायचे हे त्याच्याकडे पाहून ठरवावे लागते, सीमारेषेवरून फेकणाऱ्याला तो कुठल्या बाजूला येऊन उभा राहील हे ठाऊक असावे लागते. दर रविवारी माणूस बदलला तर यातले काहीच बसत नाही. शिवाय दोन्ही मुलांना पहिल्याच झेलाच्या वेळी कळलेले असेल की हा सुटला तर पुढचा सामना दुसऱ्याचा. मोंगियाची शेवटची कसोटी मार्च २००१ मधली आणि महेंद्रसिंग धोनीची पहिली डिसेंबर २००५ मधली. मधल्या काळात समीर दिघे, दीप दासगुप्ता, अजय रात्रा, पार्थिव पटेल आणि दिनेश कार्तिक असे पाच जण भारतासाठी कसोटीत यष्टींमागे उभे राहून गेले. दासगुप्ताने आणि रात्राने तर त्यात शतकेही केली. पार्थिव १७ वर्षांचा असताना, एकही रणजी सामना न खेळता ट्रेंट ब्रिजला उभा राहिला आणि शेवटच्या दिवशी तासाहून अधिक वेळ फलंदाजी करून कसोटी वाचवायला मदत करून आला. गुण कोणातच कमी नव्हते, पण जागा कोणाचीच झाली नाही.

झेल सुटणारच, हे आधी मान्य करून मगच मुलगा निवडावा. १९९० मध्ये लॉर्ड्सला ग्रॅहॅम गूच ३६ धावांवर असताना मोरे यांच्या हातून त्याचा झेल सुटला, आणि गूचने ३३३ धावा केल्या. सुटलेल्या झेलाची एवढी किंमत क्वचितच कोणा यष्टिरक्षकाने मोजली असेल. तरीही मोरे १९९३ पर्यंत भारताचे यष्टिरक्षक राहिले, आणि ४९ कसोटींत ११० झेल व २० यष्टिचीत अशी त्यांची नोंद झाली. त्या एका झेलावर त्यांचा हिशोब मिटवला गेला असता तर पुढच्या तीन वर्षांतले काहीच झाले नसते.

हे लिहिताना मला माझा एक सामना आठवतो. मी अठरा वर्षांचा होतो, सकाळी दव होते, आणि पहिल्याच षटकात बॅटची कड घेऊन आलेला सोपा झेल माझ्या हातून निसटला. त्या फलंदाजाने शंभरी ओलांडली. पुढच्या सामन्याला माझे नाव यादीत नव्हते, आणि का नव्हते हे मला कोणी बोलावून सांगितले नाही, यादी फळ्यावर लागली तेव्हा मी ती वाचली. त्यानंतर मी बराच काळ क्रिकेट खेळलो, पण यष्टींमागे उभा राहिलो की चेंडूऐवजी तो फळा डोळ्यांसमोर येई.

वाडीच्या मुलाच्या विरुद्ध जे आहे तेही मी रविवारी लपवणार नाही. त्याचा आवाज मिड-ऑफपर्यंत पोहोचत नाही, आणि दुपारच्या सत्रात क्षेत्ररक्षण ढेपाळते तेव्हा ओरडून सर्वांना जागे ठेवणारा माणूस यष्टींमागेच लागतो. वेगवान गोलंदाजीवर उजवीकडे झेपावून घ्यायच्या झेलात मांजलपूरचा मुलगा निर्विवाद सरस आहे. आमच्याकडे दोन फिरकी गोलंदाजांऐवजी दोन वेगवान गोलंदाज असते तर मी त्याचेच नाव पुढे केले असते.

तेव्हा माझा प्रस्ताव असा की वाडीच्या मुलाला पहिले पाच सामने द्यावेत, आणि पाच म्हणजे पाच, मध्ये काहीही झाले तरी. हे त्याला पहिल्या सामन्याच्या आधी, आम्हां तिघांसमोर, तोंडी सांगावे. मांजलपूरच्या मुलाला फलंदाज म्हणून पाचव्या क्रमांकावर खेळवावे. याची किंमत एका जुन्या खेळाडूला मोजावी लागेल, कारण सहाव्या क्रमांकावर जो खेळत आला आहे त्याला बाहेर बसावे लागेल, आणि गेल्या रविवारी चर्चा खरी अडली ती इथेच, यष्टींमागे नव्हे. तो माझ्या बरोबरीने खेळलेला आहे. त्याच्या घरी जाऊन त्याला हे सांगण्याचे काम मी माझ्याकडे घेतो.

मांजलपूरच्या मुलाशी मी काल सरावानंतर बोललो, कारण फळ्यावर वाचण्याआधी त्याने माझ्या तोंडून ऐकावे असे मला वाटत होते. निर्णय झालेला नाही, पण मी कोणाच्या बाजूने आहे आणि का, हे त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, मी आधी उठतो, हे मला माहीत आहे. पण बसून राहायचं कसं, ते कोणी दाखवलंच नाही." मी त्याला गुरुवारी साडेपाचला बोलावले आहे. वाडीच्यालाही त्याच वेळेला यायला सांगितले आहे, आणि ऑफस्पिनरला फक्त लेग यष्टीच्या बाहेर टाकायला.