मिसळ, कांदे आणि दोन थेंब

हातांना अजून कांद्याचा वास येतोय. काल रात्री आमच्या रोटरी क्लबातले आम्ही बाराजण शाळेच्या व्हरांड्यात बसून २५ किलो कांदा चिरत होतो. डॉक्टर, सराफ, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी. बैठकीत वर्षभर ज्यांच्याशी "काय, बरंय ना?" यापुढे बोलणं गेलं नाही, त्यांची खरी ओळख काल झाली.

आज सकाळी सातपासून मिसळ. कूपन ८० रुपयांचं. साडेनऊलाच पाव संपले, मग बेकरीवाल्यानं पैसे न घेता आणखी चार लाद्या पाठवल्या. कट मात्र जरा जास्तच तिखट झाला होता!

सगळी रक्कम पोलिओ निधीला जाणार. "आता कुठे राहिलाय पोलिओ?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून फिरतोय, आणि विषाणूला सरहद्द कळत नाही. म्हणून आपल्याकडे आजही बाळांना डोस पाजतात.

शेवटी पायात कॅलिपर घातलेले एक काका आले. एक प्लेट खाल्ली, पाच कूपनांचे पैसे दिले. "माझ्या वेळी हे थेंब गावात पोचले नव्हते," एवढंच म्हणाले. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. परत येऊन पातेली घासताना कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही.