पाठ केलेला मर्मर
मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होते त्याचा) मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, मला तोंडपाठ होता, मिड-डायस्टोलिक (दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात येणारा), रंबलिंग (गडगडता), पेशंटला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोच्या बेलने (वाटीसारख्या बाजूने) ऐकायचा वगैरे, व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, धडाधड बोलले पण, आणि वॉर्डात खरा पेशंट समोर आला तेव्हा ऐकू काय आलं तर माझ्याच बोटांची खरखर. सर म्हणाले, "कॅरोटिडवर, मानेतल्या नाडीवर, बोट ठेव, ठोका लागला की सिस्टोल, म्हणजे हृदयाचं आकुंचन, आता मधल्या गॅपमध्ये ऐक." तिसऱ्यांदा ऐकू आला! लेक्चर फुकट गेलं असं नाही हां, काय शोधायचंय हेच माहीत नसतं तर सापडलं नसतंच. पण १८१६ साली स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकने कागदाची सुरळी छातीला लावली तेव्हा त्याच्याकडे कुठे नोट्स होत्या? आणि बेल आधी तळहातावर गरम करायची हे मात्र त्या पेशंट आजींनीच शिकवलं, चांगलंच ओरडून.