मेथोट्रेक्सेट दिलं, तरी पेशी वाढतच राहिल्या

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचं औषध लावणार असाल तर औषधाच्या आधी सीरमची, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या रक्तद्रवाची, बाटली बघा. माझा प्रयोग तिथेच अडकला, आणि तिथून सुटायला खरेदी विभाग आडवा आला.

फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व. डीएचएफआर हे एन्झाइम त्याला टेट्राहायड्रोफोलेटच्या वापरण्याजोग्या रूपात आणतं. थायमिडिलेट तयार होताना हे रूप खर्ची पडून डायहायड्रोफोलेट उरतं. ते परत भरून काढायचं कामही डीएचएफआरचंच. मेथोट्रेक्सेट अडवतं ते हेच एन्झाइम. ते बंद पडलं की डीएनए बनवायला लागणारे घटक, थायमिडिलेट आणि प्युरिन, दोन्ही मिळत नाहीत. झपाट्याने विभागणारी पेशी म्हणूनच आधी सापडते.

हेलासारख्या (प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या) पेशी दहा ते शंभर नॅनोमोलरच्या दरम्यान, म्हणजे अगदी थोड्या औषधात, 72 तासांत थांबायला हव्यात. साध्या 10 टक्के सीरममध्ये मात्र पेशींच्या संख्येचा आलेख खाली यायलाच तयार नसतो. कारण सीरममध्ये आयतं हायपोझँथिन (त्यातून प्युरिन बनतं) आणि थायमिडिन (त्यातून थायमिडिलेट) असतं. पेशी ते उचलतात आणि डीएचएफआरला वळसा घालून जातात. म्हणून 10,000 डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) पडद्यातून डायलाइझ केलेलं, म्हणजे लहान रेणू बाहेर काढून टाकलेलं, सीरम लागतं: हायपोझँथिन 136 डाल्टनचं, थायमिडिन 242 चं, दोन्ही निघून जातात, प्रथिनं राहतात.

हे खरेदी विभागाला पटवणं म्हणजे शिक्षाच. ‘सीरम तर फ्रीजमध्ये आहे ना?’ मग प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (हीच वस्तू का हवी याचा दाखला), मग खरेदीच्या पोर्टलवर मिळत नसल्याचा अहवाल, मग फाइल परत. मागणीपत्रात नुसतं ‘डायलाइज्ड’ लिहू नका. पडद्याचं माप आणि ‘ग्लुकोज 5 मिग्रॅ/डेसिलिटरपेक्षा कमी’ ही अट घाला (ग्लुकोजही लहान रेणू, तो गेला म्हणजे डायलिसिस झालं), नाहीतर सर्वात स्वस्त निविदेचं साधं सीरम हातात पडतं.

वाट बघवत नसेल तर घरचा उपाय: डायलिसिस ट्यूबिंग, 0.15 मोलर मीठपाणी, 4 अंश, पाणी अनेकदा बदलायचं. पिशवी गच्च भरू नका, ती फुगते. आकारमान वाढलं की सीरम पातळ होतं, तो हिशेब धरा. गाळताना आधी 0.45, मग 0.22 मायक्रॉन, थेट 0.22 लगेच तुंबतो. ग्लुकोमीटरचा ‘लो’ पुरावा म्हणून धरू नका, किट वापरा.

हो, पेशी ज्या द्रवात वाढतात ते माध्यमही तपासा. हॅम्स एफ-12 मध्ये हायपोझँथिन आणि थायमिडिन मुळातच घातलेलं असतं, म्हणजे ते मिसळलेलं डीएमईएम/एफ-12 ही बाद. आरपीएमआय 1640 चालतं, पण त्यात लिटरला 1 मिग्रॅ फोलिक आम्ल आहे, रक्तातल्या फोलेटच्या कितीतरी पट. त्यावरून रुग्णाच्या डोसचे निष्कर्ष काढू नयेत.

मेथोट्रेक्सेट साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा आणि उजेडापासून झाका. एमटीटीवर, म्हणजे जिवंत पेशींनी बनवलेल्या रंगावरून मोजणाऱ्या चाचणीवर, भिस्त नको. विभाजन थांबलेल्या पेशी फुगतात आणि रंग भरपूर देतात. मेलेल्या पेशींनाच निळं करणारा ट्रायपॅन ब्लू घालून पेशी मोजा. औषध दिलेली एक प्लेट 100 मायक्रोमोलर हायपोझँथिन आणि 16 मायक्रोमोलर थायमिडिन घालून ठेवा. तिथे पेशी वाचल्या तरच बाकीच्या प्लेटमधली घट फोलेटच्या तुटवड्याची समजायची.