कार्ट्रिज भरून घेण्याचा हिशेब

माझ्या क्लासच्या खर्चात शाईपेक्षा कागद महाग पडतो. असं म्हटलं की समोरचा आधी हसतो, कारण प्रिंटर म्हटल्यावर लोकांना कार्ट्रिजचं बिलच आठवतं. म्हणून एकदा हिशेब मांडून टाकते. गणिताच्या शिकवण्या घेते, एवढं तर यायलाच हवं.

विक्रोळीला कन्नमवार नगरात, घराच्या पुढच्याच खोलीत नववी-दहावीचा क्लास आहे. सराव पेपर, प्रकरणवार टेस्ट आणि डिसेंबरनंतर तर छपाईला उसंत नसते. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००, साधा काळा-पांढरा लेझर. याला ३०३ नंबरचं कार्ट्रिज लागतं, पण दुकानात "ट्वेल्व्ह-ए द्या" म्हटलं तरी काम होतं. एचपीच्या १०२० आणि एम१००५ मध्ये जातं तेच १२ए यातही बसतं. एचपीच्या बऱ्याच लेझर प्रिंटरचं आतलं इंजिन कॅननच बनवत आलंय, त्यामुळे दोघांची भावकी आहे. आमच्यासारख्यांना याचा फायदा असा की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात या कार्ट्रिजचा ड्रम, ब्लेड, रोलर, पावडर (लेझरची शाई म्हणजे ही कोरडी पावडरच), सगळं सुटं मिळतं.

ओरिजिनल कार्ट्रिज पाच हजारांच्या आसपास जातं. कंपनी २००० पानं सांगते, पण ती पाच टक्के भरलेली पानं. पाच टक्के म्हणजे छोटंसं पत्र आणि खाली सही. माझा पेपर समासापर्यंत भरलेला असतो, त्यात भूमितीच्या आकृत्या, आलेखाच्या चौकटी. मी साडेबाराशे पानं धरते. पानामागे चार रुपये झाले. आमच्या नाक्यावरचा झेरॉक्सवाला दोन रुपयांत पान देतो! म्हणजे ओरिजिनल टाकून घरी छापण्यापेक्षा खाली जाऊन झेरॉक्स काढून आणलेली बरी. भरून घेतलं तर अडीचशे रुपये. तेवढीच पानं धरली तर वीस पैसे पान. कागदाचं रीम २८० ला, ५०० पानं, म्हणजे छप्पन्न पैसे. झाला की नाही कागद महाग?

अर्थात या वीस पैशांत एक मेख आहे, आणि ती पावडरीत नाही, भरणाऱ्याच्या हातात आहे.

आमचा रिफिलिंगवाला, त्याला मी दादाच म्हणते, घरी येतो. खोलीत आल्या आल्या पंखा बंद करतो, त्यावरूनच मला तो पटला. टोनरची पावडर इतकी बारीक असते की वाऱ्याची झुळूक आली तरी घरभर होते. मग खाली वर्तमानपत्र पसरतो. कार्ट्रिजच्या कडेची पिन ढकलून त्याचे दोन भाग करतो. एका भागात निळसर-हिरवा चकचकीत ड्रम, म्हणजे कागदावर अक्षरं उमटवणारा नळा, दुसऱ्यात त्या ड्रमला पावडर पोचवणारा मॅग्नेटिक रोलर आणि पावडरीचा डबा. ड्रम काढला की लगेच काळ्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवतो, कारण त्याला उजेड सोसत नाही. खिडकीतल्या उन्हात पडून राहिला तर पुढची पानं काळपट येतात.

त्यानंतरचं काम खरं बघण्यासारखं. ड्रमला चिकटून एक रबरी ब्लेड असते. कागदावर न गेलेली पावडर ती खरवडून मागच्या कप्प्यात टाकते. हा कप्पा म्हणजे कार्ट्रिजची कचरापेटी. आमचा दादा ती पिशवीत पूर्ण रिकामी करतो, ब्रश मारतो, ब्लेडची धार बोटाने चाचपतो, मग ड्रमवर पांढरी भुकटी हलकेच थापतो, नाहीतर पहिल्याच फेऱ्यात ब्लेड उलटी वळते. शेवटी दुसऱ्या भागाच्या बाजूचं झाकण खोलून नवी पावडर भरतो. पावडर भरणं हे या सगळ्यातलं सर्वांत किरकोळ काम. याच्याआधी एकजण यायचा, तो सोल्डरिंगच्या तापल्या सळीने प्लास्टिकला भोक पाडून वरून पावडर ओतायचा आणि सेलोटेप लावून पाच मिनिटांत मोकळा व्हायचा. कचरापेटीला हात लावायचा नाही. ती भरली की पावडर बाहेर सांडते आणि पानावर काळे फराटे येतात. काही महाभाग तर कचरापेटीतली पावडरच पुन्हा पुढच्या डब्यात ओततात. तिच्यात कागदाची धूळ मिसळलेली असते, ती ड्रमला ओरखडते.

भरून घेण्याला मर्यादा आहेच. कंपनीने कार्ट्रिज एकदा वापरून टाकायचं म्हणून बनवलंय. ड्रमवरचा थर पातळ असतो, घासून घासून जातो. माझ्याकडे साधारण दोनदा भरून झालं की तिसऱ्या वेळी दादा स्वतःच म्हणतो, "ताई, नुसती पावडर घालून उपयोग नाही, ड्रम गेलाय." ड्रम आणि ब्लेड दोन्ही बदलायचे तर दीड-दोनशे जास्त. इथेच लोक कंजुषी करतात, आणि मग रिफिलिंग बेकार म्हणून सांगत सुटतात. चारशे-पाचशेला नवंकोरं कॉम्पॅटिबल, म्हणजे दुसऱ्याच कुणी बनवलेलं पण यात बसणारं कार्ट्रिज मिळतं, तो पर्यायही वाईट नाही. पण त्यात पावडर कुठली, ड्रम कुठला, काही कळत नाही. एखादं वर्षभर धावतं, एखादं पहिल्या दिवसापासून करडी पानं देतं. मला माझा दादा परवडतो.

तो खरं सांगतोय की पैसे काढतोय हे मी पट्टीने तपासते. पानावर ठिपका एका सरळ रेषेत ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर अंतर मोजायचं. १२ए च्या ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर. परीघ म्हणजे पाय (π) गुणिले व्यास, २२ भागिले ७ गुणिले २४, आले सुमारे ७५ मिलिमीटर. ठिपका दर ७५ मिलिमीटरला येत असेल तर ड्रमवर जखम आहे. ए-४ पानाच्या लांबीत तो तीन-चारदा दिसतो. अंतर ३८ च्या आसपास असेल तर ड्रमला विजेचा चार्ज देणारा बारका रोलर, ज्याला हे लोक पीसीआर म्हणतात, तो मळलाय. तो पुसूनही भागतं. वर्तुळाचा परीघ शिकवताना हे गणित मी पोरांना देतेच. पुस्तकातली बैलगाडीची चाकं कुणी पाहिलेली नसतात, प्रिंटरचा ठिपका सगळ्यांनी पाहिलेला असतो.

गणिताच्या पेपरात ठिपका नुसता वाईट दिसत नाही, तो खोटं बोलतो. २५ मधल्या दोन आकड्यांच्या मध्ये पडला की अडीच. एका मुलीने अशाच ठिपक्याला दशांशचिन्ह धरून अख्खं उदाहरण बरोबर पद्धतीने सोडवलं होतं. मार्क पूर्ण द्यावे लागले.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये पानं फिकी यायला लागली की लोक रिफिलिंगवाल्याला फोन करून भांडतात. त्यात पुष्कळदा त्याचा काही दोष नसतो. मुंबईच्या दमट हवेत उघडं पडलेलं रीम पाणी पितं, ओल्या कागदावर पावडर ओढणारा चार्ज टिकत नाही. मी रीम प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवते आणि ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं घालते. छापलेल्या पानावरून बोट फिरवल्यावर काळं लागत असेल तर मात्र एकतर पावडर भलत्याच जातीची आहे, नाहीतर आतला हीटर धड तापत नाहीये. प्रत्येक मॉडेलच्या पावडरीचा वितळण्याचा अंदाज वेगळा. "सगळ्याला चालते" असं सांगून बाटली काढणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवते. आणि पावडर अंगावर सांडली तर गार पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने ती कापडाला कायमची चिकटते. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका, पावडर त्याच्या फिल्टरमधून आरपार जाते.

हे सगळं लेझरचं झालं. शाईचे छोटे कार्ट्रिज, म्हणजे एचपीच्या ८०२ सारखे, सिरिंजने भरायच्या भानगडीत मी पडत नाही. त्यांचा छपाईचा हेड कार्ट्रिजलाच असतो, शाई तापवून उडवतो. शाई संपल्यावरही छापत राहिलं की तो कोरडाच तापतो आणि जळतो. रंगीत छापायचं असेल तर सरळ टाकीवाला प्रिंटर घ्यावा. एपसनने तो २०१० मध्ये पहिल्यांदा इंडोनेशियात आणला, कारण तिथले लोक आधीच प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून घेत होते. गिऱ्हाइकाचा जुगाड कंपनीने उचलला. त्यांची ००३ नंबरची काळी बाटली ६५ मिलीची, कंपनी ४५०० पानं सांगते. तिथे मी ओरिजिनल शाईच घेईन. पानामागे पैसे वाचवायला उरतातच किती, आणि हेड चोंदला तर हजारोंचा फटका.

"हे कायदेशीर आहे का हो?" असंही एका पालकांनी विचारलं होतं. अमेरिकेत यावर लेक्समार्क ही प्रिंटर कंपनी विरुद्ध भरलेली कार्ट्रिज विकणारी इम्प्रेशन प्रॉडक्ट्स असा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०१७ च्या मेमध्ये निकाल लागला, की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीला पेटंटचा हक्क सांगता येत नाही. कंपन्यांचं दुसरं हत्यार म्हणजे कार्ट्रिज कुणाचं ते प्रिंटरला सांगणारी चिप, आणि ते या निकालाच्या आधीच निघालं होतं. २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी अपडेटनंतर दुसऱ्यांची चिप असलेली कार्ट्रिज नाकारली, त्यावरून बरीच बोंब झाली. त्यामुळे नवा प्रिंटर घेताना खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा आणि कार्ट्रिजला चिप आहे का विचारा. माझ्या जुन्या ३०३ ला चिप नाही, म्हणूनच तो प्रिंटर मी विकत नाही. वॉरंटीचं म्हणाल तर एचपीच्या कागदावर लिहिलेलं असतं, की भरलेलं कार्ट्रिज वापरलं म्हणून वॉरंटी जात नाही, पण बिघाड त्याच्यामुळे झाला असेल तर दुरुस्तीचे पैसे तुमचे.

राहता राहिलं रिकाम्या कार्ट्रिजचं काय करायचं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजही आहेत, त्यामुळे ओल्या-सुक्याच्या डब्यात ती जाऊ नयेत. भंगारवाला ती आनंदाने नेतो. कंपनीचं ओरिजिनल रिकामं कार्ट्रिज खोक्यासकट दिलं तर जास्तच पैसे देतो. कशाला, ते उघड आहे. आतून भरून, त्याच खोक्यात घालून ते पाच हजारांना ओरिजिनल म्हणून विकलं जातं. मला भरलेलं वापरायला लाज नाही, पण ते अडीचशेला, भरलेलं म्हणूनच. म्हणून मी खोकं फाडते, लेबलवर स्क्रूड्रायव्हरने दोन रेघा मारते आणि मग देते. भंगारवाला दरवेळी कुरकुरतो, वीस रुपये कमी देतो.