पत्रकं वाटून कुणी पडायचं थांबत नाही

आई पडली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. बाथरूमला जायला उठली, बाकीच्यांची झोपमोड नको म्हणून लाइट लावला नाही, आणि परत येताना ओल्या चपलेवरून पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. पण मला आजही सगळ्यात जास्त लागतं ते हे, की ती चाळीसेक मिनिटं तशीच फरशीवर पडून होती, हाक मारली नाही, होईलच आता सकाळ म्हणून.

आणि आमच्या फ्रिजवर तेव्हा एक रंगीत पत्रक लावलेलं होतं. ज्येष्ठांनी पडू नये म्हणून काय काळजी घ्यावी. मीच एका कार्यक्रमातून आणलं होतं. रात्री लाइट लावा, चपलेचा तळ बघा, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा, सगळं होतं त्यात. आईने ते वाचलंही होतं.

आईचं ऑपरेशन, मग फिजिओ, मग वॉकर हे सगळं करून झाल्यावर मी एका ट्रॉमा वॉर्डाच्या सिस्टरांबरोबर त्यांच्या कार्यक्रमात जायला लागलो. वस्त्यांमध्ये, शाळांमध्ये, ज्येष्ठांच्या गटांमध्ये जाऊन दुखापत कशी टाळायची ते शिकवायचं. अडीच वर्षं झाली आता. त्यातून जे कळलंय ते लिहितोय, कारण असे कार्यक्रम बरेच जण मनापासून करतात आणि बहुतेक वेळा एक भाषण, दहा स्लाइड्स, चहा आणि पत्रक यावर आटोपतात.

आपण 'अपघात' म्हणतो ना, तिथेच अर्धी गडबड होते. झालं ते झालं, नशीब. विल्यम हॅडन म्हणून एक अमेरिकन डॉक्टर होते, त्यांनी १९७० च्या आसपास एक साधी मांडणी केली, की दुखापतीचे तीन टप्पे असतात, आधी, त्या क्षणी आणि नंतर, आणि तिन्ही ठिकाणी काहीतरी करता येतं. आईचंच घ्या. आधी म्हणजे लाइट आणि चप्पल. त्या क्षणी म्हणजे ती कशावर पडली, धरायला काही होतं का. नंतर म्हणजे ती चाळीस मिनिटं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी येऊन कागदावर तीन रकाने काढले आणि भरत बसलो, तिन्ही भरले.

ज्येष्ठांच्या सत्रात आम्ही आता आधी बोलतच नाही. खुर्ची ठेवतो. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर नेहमीसारखं चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मग दुसरी चाचणी, हात छातीवर आडवे धरून ३० सेकंदांत किती वेळा उठून बसता येतं. मागे एक आजी आल्या होत्या, एकदम ताठ, मला काही होत नाही म्हणणाऱ्या, त्या तिसऱ्यांदा उठताना नकळत हात मांडीवर टेकवायला गेल्या आणि स्वतःच थांबल्या. हात बघितला आपला. कुणीच काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून व्यायामाच्या एकाही बॅचला त्या चुकल्या नाहीत. तोल सांभाळायचे आणि पायाची ताकद वाढवायचे व्यायाम नेमाने केले तर पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं हे बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून दिसलंय. जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, म्हणून मी या एका गोष्टीबद्दल सगळ्यांच्या मागे लागतो.

आणि हो, गोळ्यांची पिशवी घेऊन या म्हणतो. झोपेची गोळी, बीपीची गोळी, कुठली कधी घेता ते सिस्टर बघतात आणि शंका आली तर डॉक्टरांना विचारायला लावतात. उठल्याउठल्या गरगरतं ते कित्येकांनी घरी सांगितलेलंच नसतं.

लहान मुलांचं गणित वेगळं, कारण तिथे शिकायचं मोठ्यांनी असतं. एक-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, बादलीत वाकून बघायला गेलं की तोल जातो आणि त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आवाजही होत नाही. हे सांगितलं की आया घाबरतात, पण घाबरून काय करणार, कामं असतातच की. बांगलादेशात नेमकं हेच ओळखलं. खेड्यांमध्ये छोटी मुलं तळ्या-डबक्यांत बुडायची ती जास्त करून सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात, घरातली मोठी माणसं कामात असताना. मग त्यांनी आयांना नुसतं लक्ष ठेवा म्हणून सोडून दिलं नाही, तर त्याच वेळात चालणारी 'आंचल' नावाची पाळणाघरं गावातच काढली. मला हा कार्यक्रम फार आवडतो, कारण त्यात आईला दोष दिलेला नाही.

न्यूयॉर्कचंही असंच. तिथे मुलं वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून पडायची. आरोग्य खात्याने १९७२ मध्ये कार्यक्रम सुरू केला, घरोघर जाऊन समजावायचं आणि सोबत खिडकीला बसवायच्या जाळ्याही फुकट द्यायच्या. ब्रॉंक्स भागात दोन वर्षांत असं पडणं निम्म्यावर आलं आणि १९७६ मध्ये जाळ्यांचा कायदाच झाला. म्हणजे शिकवणं, वस्तू हातात देणं आणि कायदा, तिन्ही एकामागून एक. नुसतं शिकवणं कुठेच पुरलेलं मला तरी दिसलं नाही.

कॉलेजच्या मुलांबद्दल मात्र माझं मत बदललंय. ५ ते २९ वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात हेच आहे, त्यामुळे सुरुवातीला आम्हीही भयानक फोटो दाखवायचो, वर्ग चिडीचूप व्हायचा आणि आम्हाला वाटायचं पोचलं. बाहेर पडल्यावर तीच मुलं हेल्मेट कोपरात अडकवून निघायची. आता प्रत्येकाला स्वतःचं हेल्मेट आणायला सांगतो. घाल, पट्टा लाव, हनुवटी आणि पट्ट्यात दोनच बोटं जायला हवीत, आता मी मागून वर धरून पुढे ओढतो, निघालं का? दहातल्या चार-पाच जणांचं निघतं. स्वतःच्या डोक्यावरून निघालेलं हेल्मेट पोराला जे सांगतं ते माझ्या फोटोंनी कधी सांगितलं नव्हतं. मागच्या सीटवर बेल्ट कोण लावतं हेही विचारतो, अजून फार हात वर येत नाहीत, याचं वाईट वाटतं.

शेवटचा भाग रक्तस्रावाचा. जोरात रक्त जात असेल तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, अँब्युलन्स तेवढ्यात येईलच असं नाही, म्हणून जवळ उभा असलेल्यालाच दाबून धरता आलं पाहिजे. अमेरिकेत २०१५ पासून 'स्टॉप द ब्लीड' नावाने हे सामान्य माणसांना शिकवतात. कापड जखमेवर घट्ट, दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून, आणि दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. हाता-पायाला असेल आणि दाबून थांबत नसेल तर टूर्निके, म्हणजे दांडीने पिळून आवळायचा पट्टा, जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, दांडी पिळत जायची रक्त थांबेपर्यंत, वेळ लिहून ठेवायची, मग हॉस्पिटलपर्यंत सैल करायचं नाही. एक काका डमीच्या हातावर पिळता पिळता थांबले, म्हणाले त्याला दुखेल हो. सिस्टर म्हणाल्या, दुखणारच काका, ओरडेलही, तरी पिळा. परत पकडली त्यांनी दांडी, हात थरथरत होते पण पूर्ण पिळली.

सत्र झाल्यावर दोन आठवड्यांनी आम्ही फोन करतो. काय आवडलं ते विचारत नाही, लाइट बसला का, दांडी बसली का, बादली पालथी ठेवता का, एवढंच. नाही म्हणाले तर पुन्हा जातो, जमेल तिथे दांडी बसवायला ड्रिल मशीन घेऊनच जातो.

आईच्या पलंगाशी आता सेन्सरचा छोटा दिवा आहे, पाय खाली टाकला की लागतो. उशाशी बेल आहे. मागच्या महिन्यात रात्री तीनला वाजली, धावत गेलो तर म्हणाली, काही नाही रे, गरगरलं जरा, तू सांगितलंस ना वाजव म्हणून. बसलो तिच्याजवळ पाचेक मिनिटं, मग हात धरून नेलं.

पुढच्या सत्राला कुणी येणार असाल तर घरात घालता तीच चप्पल घालून या, बाहेरची चांगली नको.