आमची वाटचाल : काच जोडणाऱ्यांचा हिशेब

आमच्या फर्मची पहिली मालमत्ता म्हणजे कुणीतरी वापरून विकलेली एक स्प्लायसिंग मशीन. 2016 साली ती घरी आणली तेव्हा बायकोने विचारलं, "हे नेमकं करतं काय?" म्हटलं, केसाएवढ्या काचेच्या तारांची दोन टोकं समोरासमोर आणतं आणि ठिणगीने वितळवून एक करतं. तिचा पुढचा प्रश्न, "आणि त्याचे पैसे कोण देणार?" हिशेबाच्या वह्या तेव्हापासून तिच्याकडेच आहेत, आणि हा प्रश्न ती अजूनही प्रत्येक नव्या कामाला विचारते.

पैसे सरकार देणार होतं. देशातल्या अडीच लाखांच्या आसपास ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर, म्हणजे याच काचेच्या तारांमधून प्रकाशावर इंटरनेट पोचवणारी केबल, न्यायची योजना 2011 च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली होती आणि 2015 मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. पैसा टेलिफोन कंपन्या लायसन्स फीबरोबर भरतात त्या महसुलाच्या 5 टक्क्यांच्या निधीतून यायचा, म्हणजे फिरून फिरून तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच. हजारो कोटींचे आकडे पेपरात यायचे. मी टेलिफोनच्या केबलवर जॉइंटरचं काम शिकलेला माणूस. वाटलं, एवढी मोठी गंगा वाहतेय, आपली घागर तरी भरेल.

घागर भरायला आम्ही रांगेत पाचवे होतो. वर सरकार, मग काम राबवणारी सरकारी कंपनी, मग तिचं टेंडर घेतलेला मोठा कंत्राटदार, त्याचा जिल्ह्याचा माणूस आणि मग आम्ही पेटी कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे पोटकंत्राटदार. मी, मेहुणा आणि चार पोरं.

काम मात्र मनापासून आवडायचं. साध्या जमिनीत चर 1.65 मीटर खोल घ्यायचा, तळाशी डक्ट, म्हणजे प्लास्टिकची नळी, टाकायचा, माती भरायची आणि मग कॉम्प्रेसरच्या हवेने डक्टमधून केबल पुढे ढकलायची. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे, ही म्हण आम्ही पोटापाण्यासाठी अक्षरशः जगलोय. काळ्या मातीत उन्हाळ्यात पहार शिरत नाही आणि पावसाळ्यात जेसीबी बाहेर येत नाही. 24 कोअरच्या केबलमध्ये बारा-बारा तारांच्या दोन नळ्या असतात. त्यांचे रंग ठरलेले: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. आमची पोरं ते पाढ्यासारखे म्हणायची. त्यातला एक दहावी नापास झालेला, पण त्याचा जॉइंट इतका स्वच्छ की मोजणीत प्रकाशाचा तोटा शोधावा लागायचा.

2017 चं शेवटचं तिमाही विसरणं शक्य नाही. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती डिसेंबरपर्यंत पूर्ण करायच्या म्हणून वरून रोज फोन. रात्री जीपच्या बॅटरीवर मशीन चालवायची, अंगावर शाल आणि धुळीसाठी वर ताडपत्री. डिसेंबरात टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. आम्हीही पेढे वाटले.

बिलं मात्र जाहीर होत नाहीत, ती पास व्हावी लागतात. आधी मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग चाचणीचा अहवाल, मग चालू बिल, त्यातून 10 टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून रोखून ठेवायची रक्कम, कापून उरलेले पैसे, तेही 'वरून आले की'. त्यात 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला. बिल फाडलं की 18 टक्के कर पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. न मिळालेल्या पैशांवरचा कर मी सोन्यावर कर्ज काढून भरलाय. तेव्हापासून कुणी 'एवढे हजार कोटी खर्च केले' म्हणालं की मला तारीख विचारावीशी वाटते. कोणत्या दिवशी खर्च झाले? मंजुरीच्या, बिलाच्या, की ज्या दिवशी खणणाऱ्याच्या हातात पडले त्या दिवशी?

लोक म्हणतील, कायदा आहे की. आहे. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे 45 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही मासिक चक्रवाढ व्याज. मी अर्ज भरूनही ठेवला होता. पाठवला नाही. त्या कंत्राटदाराकडून पुढचं काम मिळायचं होतं आणि जिल्ह्यात दुसरा कोणी नव्हता. याला भित्रेपणा म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

2018 आणि 2019 बद्दल सांगण्यासारखं फार नाही. दोन पोरं सोडून गेली, जीप विकली.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. दूरसंचार अत्यावश्यक सेवेत असल्याने आम्हाला पास मिळाले. 12 मे रोजी पंतप्रधानांनी 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी अर्थमंत्र्यांनी लघुउद्योगांसाठी 3 लाख कोटींच्या विनातारण कर्जाची घोषणा केली. बँकेत गेलो तेव्हा हिशेब कळला. 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढं कर्ज शिल्लक असेल त्याच्या 20 टक्के नवं कर्ज, चार वर्षांची मुदत, पहिलं वर्ष मुद्दल भरायची नाही. आमचं बँकेचं कर्ज फक्त सात लाख, म्हणून आम्हाला एक लाख चाळीस हजार. कर्जाला घाबरून सोनं मोडत राहिलेल्या माणसाला मदत कमी, आणि डोक्यापर्यंत बुडालेल्याला जास्त. तरी नाव ठेवणार नाही, त्या पैशांतून तीन महिन्यांचे पगार झाले.

दुसरी सवलत आली नोव्हेंबरात. सरकारी कामांची सुरक्षा ठेव 5 ते 10 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणली. मी खूश होऊन कंत्राटदाराला फोन केला, आता आमचं रिटेन्शनही कमी करा. पलीकडून उत्तर आलं, "ती सवलत आम्हाला आहे, तुम्हाला नाही." कागदोपत्री त्याचं बरोबर होतं. सरकारशी करार त्याचा, आमचा करार त्याच्याशी. पॅकेजचं पाणी पहिल्या बांधापाशीच थांबतं ते असं.

पण त्याच वर्षी आमचं नशीब पालटलं, आणि तेही पॅकेजमुळे नाही. शाळा मोबाइलवर गेल्या, पुण्या-मुंबईची पोरं लॅपटॉप घेऊन गावी परतली आणि ज्या ग्रामपंचायतींत आम्ही तीन वर्षांपूर्वी फायबर नेलं होतं तिथून फोन यायला लागले, "ते तुमचं इंटरनेट चालू आहे का?" जाऊन पाहिलं. एका ठिकाणी इंटरनेटचं यंत्र कपाटात कुलूपबंद आणि किल्ली बदली झालेल्या ग्रामसेवकाकडे. एका ठिकाणी वीजबिल थकल्याने मीटरच काढून नेलेला. बऱ्याच ठिकाणी यंत्र धडधाकट, पण केबल वाटेतच तुटलेली.

तुटण्याचं कारण रचनेत होतं. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत आधीचीच जुनी फायबर वापरली होती आणि पुढचा तुकडा फक्त नवा. सगळं एका रेषेत, झाडाच्या फांदीसारखं. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने एका जागी दात लावला की पुढची सगळी गावं अंधारात. टाकण्यासाठी पैसा होता, त्याची गाजावाजाने मोजणी होती, पण टाकलेलं जिवंत ठेवायला फारसं कुणी नव्हतं.

आम्ही तिथे घुसलो. एका दूरसंचार कंपनीची स्थानिक भागीदारी घेतली, महिन्याच्या वर्गणीत वाटा, आणि पंचायतीपासून पुढे घराघरात तार न्यायला सुरुवात केली. दुरुस्तीचं कामही मागून घेतलं. ओटीडीआर नावाचं यंत्र प्रकाशाचा ठोका पाठवतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तूट किती अंतरावर आहे ते सांगतं. पण ते तारेची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. प्रत्येक चेंबरमध्ये, म्हणजे जोडणीसाठी बांधलेल्या जमिनीखालच्या खोक्यात, जॉइंटसाठी केबलचं वेटोळं शिल्लक ठेवलेलं असतं. यंत्र 7.4 किलोमीटर म्हणतं आणि तूट रस्त्याने 7 वर सापडते. कुठल्या चेंबरमध्ये किती वेटोळं आहे ते आम्हाला पाठ, कारण ते आम्हीच ठेवलं होतं. नव्या माणसाला जिथे तीन खड्डे खणावे लागतात तिथे आमचा एकात भागतो. आमचा धंदा खरा या फरकावर उभा आहे.

पहिल्या महिन्यात अकरा घरं जोडली. घरमालक तीनशे-चारशे रुपये भरतो, पण 5 तारखेला भरतो, आणि त्यासाठी मोजमाप पुस्तिका लागत नाही. बायको म्हणाली, "पैसे कोण देणार ते आता कळलं."

ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित भारतनेट मंजूर झालं, 1,39,579 कोटींचं. त्यात सरळ रेषेऐवजी रिंग आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसऱ्या बाजूने प्रकाश पोचतो. तीन वर्षं बांधणीनंतर दहा वर्षं देखभालही कंत्राटदाराच्याच गळ्यात. हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कुणीतरी तुटलेल्या केबलींचा हिशेब मांडलेला दिसतो. काम मागायला दोन कंत्राटदारांकडे जाऊनही आलो. या वेळी दुरुस्तीचं काम मागितलं, खणाईचं नाही, आणि पैसे 'वरून आले की' हे वाक्य करारात नको म्हणालो. एकाने हसून चहा पाजला. दुसऱ्याशी बोलणी चालू आहेत.

आज आमच्याकडे नऊ माणसं आहेत. तो दहावी नापास पोरगा आता जॉइंटिंगचा मुख्य आहे आणि त्या पहिल्या जुन्या मशीनवर नव्या मुलांना शिकवतो. 2017 च्या रिटेन्शनचे 1 लाख 12 हजार अजून वहीत 'येणे' रकान्यात आहेत. दर मार्चला सीए विचारतो, बुडीत दाखवू का, आणि दर मार्चला बायको म्हणते, राहू द्या आणखी एक वर्ष.